लिथियमची गोळी शरीरात काय करते, हे रुग्णाला मराठीत कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतील एक गृहस्थ संध्याकाळी गोळ्यांचे पाकीट मुठीत धरून माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या मुलीला बायपोलर विकार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनोविकार आहे आणि गेले आठ महिने ती लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या घेत होती. “ताई, तुम्ही कॉलेजात रसायनच शिकवत होतात ना? मोबाइलच्या बॅटरीत घालतात तेच का हो हे?” असे त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले आणि कोणीतरी पाठवलेला मजकूर मला मोबाइलवर दाखवला. हे औषध म्हणजे बॅटरीतले विष आहे, असे त्यात लिहिले होते. मुलीची गोळी त्यांनी चार दिवसांपूर्वी बंद केली होती, आणि ती निव्वळ काळजीपोटी.

मी ३१ वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आणि माझा धाकटा भाऊ गेली २२ वर्षे लिथियम घेतो आहे. त्यामुळे हा प्रश्न मला शिक्षिका म्हणूनही भिडला आणि बहीण म्हणूनही. त्या गृहस्थांना मी जे सांगितले, तेच आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय दोन ओळींत उरकल्यामुळेच घरोघरी गैरसमज झाले आहेत, असे माझे मत आहे.

बॅटरीतले आणि गोळीतले मूलद्रव्य एकच आहे, हे खरे. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, तरी त्याच सोडियमचा क्षार आपण रोज आमटीत घालतो. लिथियमचेही तसेच आहे. गोळीत असतो तो लिथियमचा कार्बोनेट क्षार, आणि तो पोटात गेल्यावर रक्तात उतरतो तो लिथियमचा आयन, म्हणजे एकेरी धन प्रभार असलेला कण. हे मूलद्रव्य १८१७ मध्ये स्वीडनमधील योहान ऑगस्ट आर्फवेडसन यांना पेटालाइट नावाच्या खनिजात सापडले आणि दगडातून मिळाले म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव पडले. ते मनोविकारांच्या दवाखान्यात कसे पोहोचले, ही हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्यात पुढच्या सगळ्या अडचणी आधीच दिसतात.

मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात जॉन केड हे मनोविकारतज्ज्ञ काम करीत होते. उन्मादाच्या, म्हणजे मन व शरीर अनावर उद्दीपित होण्याच्या आजारातील रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य उतरत असावे, अशी त्यांची अटकळ होती आणि ती पारखण्यासाठी ते गिनीपिगना इंजेक्शने देऊन पाहत होते. यूरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यांनी त्याचा सहज विरघळणारा लिथियम क्षार वापरला, तेव्हा ते प्राणी कमालीचे शांत झाल्याचे त्यांना दिसले. मूळ अटकळ चुकीची होती, निरीक्षण मात्र मोलाचे ठरले. केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिले, मग रुग्णांना दिले, आणि उन्मादाच्या १० रुग्णांवरील अनुभव सप्टेंबर १९४९ मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता आणि पाच वर्षे सतत उन्मादात होता. तो काही महिन्यांत बरा होऊन घरी गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. पुढे त्याने गोळ्या सोडल्या, आजार उलटला, त्याला पुन्हा भरती करावे लागले, आणि १९५० मध्ये लिथियमचीच विषबाधा होऊन तो मरण पावला. औषधाने बरे होणे, बरे वाटते म्हणून औषध सोडणे आणि मोजमापाविना औषध घेतल्याने जिवावर बेतणे, हे तिन्ही प्रसंग त्या एकाच माणसाच्या वाट्याला आले.

औषध खरोखर उपयोगी आहे का, या शंकेचे निरसन डेन्मार्कमध्ये झाले. मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये उन्मादावरील चाचणी प्रसिद्ध केली. पुढे पोल बास्ट्रप यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी काहींना लिथियम चालू ठेवले व काहींना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. पाच महिन्यांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ३९ जणींपैकी २१ जणींचा आजार उलटला. लिथियम घेणाऱ्या ४५ जणींपैकी एकीचाही उलटला नाही. आकडे इतके स्वच्छ क्वचितच येतात. त्याच वर्षी अमेरिकेनेही उन्मादासाठी या औषधाला मान्यता दिली.

आता मूळ प्रश्न. हा एवढासा आयन शरीरात नेमके काय करतो?

आपल्या पेशींतील जवळजवळ प्रत्येक रासायनिक काम एखादे एन्झाइम, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतले विकर, पार पाडते. कित्येक विकरांना काम करण्यासाठी मॅग्नेशियमचा आयन लागतो. विकराच्या घडीत त्याच्यासाठी ठरावीक जागा असते आणि तो तिथे बसल्याशिवाय विकर चालत नाही. लिथियम आणि मॅग्नेशियम आवर्तसारणीत एकमेकांच्या तिरक्या रेषेत येतात आणि त्यांच्या आयनांचे आकारमान विलक्षण जुळते: लिथियमची त्रिज्या सुमारे ०.७६ आंग्स्ट्रॉम, मॅग्नेशियमची ०.७२. त्यामुळे काही विकरांतील मॅग्नेशियमच्या जागेवर लिथियम जाऊन बसू शकते. मात्र मॅग्नेशियमवर दुहेरी प्रभार असतो आणि लिथियमवर एकेरी, म्हणून जागा भरते पण काम होत नाही. लिथियमच्या औषधी गुणाचे मूळ बऱ्याच अंशी या एका गोष्टीत आहे, असे आज मानले जाते. मॅग्नेशियम लागणारी विकरे शेकड्यांनी आहेत आणि लिथियम त्यांतील मोजक्याच विकरांना अडवते. म्हणून तर माणूस ते घेऊन चालताबोलता राहतो.

त्या मोजक्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेले विकर म्हणजे इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज. चेतापेशीवर बाहेरून संदेश आला की तिच्या आवरणातील इनॉसिटॉलयुक्त मेद तुटतो, त्यातून सुटलेला फॉस्फेटयुक्त तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर काढतो आणि पेशी उद्दीपित होते. काम झाले की त्या तुकड्यावरचे फॉस्फेट एकेक करून काढले जातात. शेवटचे फॉस्फेट काढून मोकळे इनॉसिटॉल परत मिळवून देणारे विकर हेच. ते इनॉसिटॉल पुन्हा आवरणात जाते आणि पुढच्या संदेशाची तयारी होते. मेंदूत रक्तातून इनॉसिटॉल फारसे शिरत नाही, आणि पेशीने ग्लुकोजपासून ते नव्याने बनवायचे म्हटले तरी त्या वाटेवरही शेवटी हेच विकर लागते. त्यामुळे हे विकर अडले की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी अरुंद होतात. लिथियम दिलेल्या उंदरांच्या मेंदूत इनॉसिटॉल कमी होते, हे ॲलिसन आणि स्ट्यूअर्ट यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्याचे कारण हे विकर अडणे आहे, हे हॅल्चर आणि शर्मन यांनी १९८० मध्ये दाखवले. आणि या दोन्हींवरून उन्मादावरील परिणामाचा अर्थ लावण्याचे काम १९८० च्या दशकात मायकेल बेरिज यांनी केले.

यातली एक बारकी गोष्ट मी वर्गात नेहमी दोन तास देऊन शिकवीत असे. बहुतेक अडवणारी रसायने विकराची जागा आधीच बळकावून बसतात. लिथियम तसे करीत नाही. या विकरात कच्चा माल येऊन त्याचे तुकडे होऊ लागले की मगच लिथियमला शिरायला फट मिळते, आणि मग काम संपवून विकराला मोकळे होता येत नाही. बंद दाराखाली खडा ठेवला तर काही बिघडत नाही. सतत उघडझाप चाललेल्या दारात मात्र तो अडकतो. म्हणजे ज्या पेशीत संदेशांची धांदल जास्त, तिथे अडवणूक जास्त, आणि जी पेशी आपल्या नेहमीच्या गतीने चालली आहे तिला फारसा त्रास नाही. माझा भाऊ पहिल्या उन्मादात तीन रात्री न झोपता घरभर बोलत फिरत होता आणि पहाटे शेजाऱ्यांची दारे वाजवीत होता. त्याला झोपेची इंजेक्शने देऊन गुंगीत ठेवले होते तेव्हा तो आमचा भाऊ वाटत नव्हता. लिथियमची मात्रा बसल्यावर तो शांत होता आणि तरीही तोच होता. बुद्धिबळात मला पूर्वीसारखाच हरवत होता. निरोगी माणसाला लिथियमने झापड का येत नाही आणि उन्मत्त माणूस का निवळतो, याचा एक सुसंगत खुलासा या रचनेत सापडतो.

मात्र खुलासा सुसंगत आहे म्हणून तो पुरा आहे, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. रुग्णांच्या मेंदूचे चुंबकीय तंत्राने मोजमाप करणाऱ्या १९९९ च्या एका अभ्यासात असे दिसले की लिथियम सुरू केल्यावर इनॉसिटॉल पाच-सात दिवसांतच कमी होते, पण रुग्णाला आराम पडतो तो तीन-चार आठवड्यांनी. म्हणजे विकर अडणे ही सुरुवात आहे. तिच्यामागून पेशीत जे बदल सावकाश घडत जातात, ते खरे उपचाराचे काम करतात. रुग्णाच्या घरच्यांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा की पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून गोळी कुचकामी ठरत नाही. आमच्या आईने दहाव्या दिवशी हात टेकले होते.

दुसरे विकर म्हणजे ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३, संक्षेपाने जीएसके-३. याचे काम पहिल्याच्या नेमके उलटे: ते इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवते आणि बहुधा त्यांना निष्क्रिय करते किंवा मोडीत काढते. बेडकाच्या भ्रूणाला लिथियम दिले तर त्याची घडण बिघडते आणि डोक्याकडचा भाग अवास्तव वाढतो, हे भ्रूणशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे ठाऊक होते, पण कारण सापडत नव्हते. पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवले की ते कारण म्हणजे जीएसके-३ चे अडणे. बेडकाच्या अंड्यावरच्या प्रयोगातून माणसाच्या मनोविकारावरील औषधाचे गूढ उलगडावे, याचा मला आजही आनंद होतो. इथेही लिथियम मॅग्नेशियमच्या जागेसाठी झगडते. शिवाय ते आडवाटेनेही काम करते: पेशीतील दुसरी विकरे जीएसके-३ वर एका ठरावीक जागी फॉस्फेट चढवून त्याला आवर घालतात आणि लिथियममुळे तो आवर वाढतो.

जीएसके-३ च्या हाताखाली पेशीची वाढ, चेतापेशींमधील जोडण्या आणि शरीरातील घड्याळ अशी अनेक खाती आहेत. शरीराचे दिवस-रात्रीचे चक्र चालवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला हे विकर टिकवून धरते आणि लिथियम दिल्यावर ते प्रथिन विघटित होते, असे २००६ मध्ये दिसून आले. अनेक प्राण्यांमध्ये लिथियम हे चक्र थोडे लांबवते. बायपोलर विकाराचे रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे की उन्मादाची चाहूल झोपेपासून लागते. गणपतीची रात्रभराची सजावट, लग्नघरचे जागरण, रात्रपाळी. दोन रात्री झोप मोडली की तिसऱ्या दिवशी आवाजाची पट्टी वर गेलेली असते. म्हणून डॉक्टर “वेळेवर झोपा” म्हणतात तेव्हा ती वडीलधाऱ्यांची शिस्त नसते. गोळी ज्या घड्याळाला लागू पडते, त्याच घड्याळाला झोपेने हातभार लावायचा असतो.

आता या औषधाच्या धोक्याकडे वळते, कारण माझा खरा आग्रह त्याविषयी आहे. इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेजला निम्म्याने अडवण्यासाठी प्रतिलिटर सुमारे ०.८ मिलिमोल लिथियम लागते, आणि उपचारात रक्तातली पातळी ०.६ ते १.० च्या दरम्यान राखतात. तीव्र उन्मादात ती थोडी वर नेतात. परंतु १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे सुरू होतात आणि २.० च्या पुढे जिवाला धोका असतो. औषध आणि विष यांत इतके कमी अंतर असलेली औषधे फार थोडी आहेत. त्यातच लिथियमवर यकृत काहीही प्रक्रिया करू शकत नाही. ते जसे आत गेले तसेच मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखेच वागवते आणि गाळलेल्यापैकी बरेचसे सोडियमबरोबर पुन्हा आत ओढून घेते. अंगातले पाणी किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही साठत जाते. १९४९ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड खायला मिळत होते. ते आधीच बिनमिठाच्या पथ्यावर होते, त्यामुळे त्यांच्यातील काही दगावले.

हेच आमच्या घरी घडता घडता राहिले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जत तालुक्यातील नातलगांच्या लग्नाला माझा भाऊ तीन दिवस मांडवात राबत होता. ऊन कडक, पाणी पिणे जेमतेम, आणि गुडघा दुखतो म्हणून जवळच्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ. ती त्याने पाच दिवस घेतली. परत आल्यावर सहाव्या दिवशी सकाळी त्याने चहाचा कप उचलला आणि बशी खडखड वाजू लागली. कप खाली ठेवून तो आपल्या हाताकडे बघत बसला. दुपारपर्यंत जुलाब सुरू झाले, चालताना झोक जाऊ लागला, शब्द जड पडू लागले. मी पातळी तपासून घेतली: १.८. दोन महिन्यांपूर्वी ती ०.७ होती. त्याला भरती केले, लिथियम थांबवले, सलाईन लावली, आणि चौथ्या दिवशी त्याची जीभ पूर्वीसारखी वळू लागली. त्याने एकही गोळी जास्त घेतली नव्हती.

इथेही कारण विकरांचेच आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या विकराला अडवतात. त्याने दुखणे थांबते, परंतु त्याच विकरापासून तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळत असतात. ती घटली की लिथियम बाहेर पडणे मंदावते. रक्तदाबासाठी दिली जाणारी, ‘प्रिल’ने नाव संपणारी औषधे आणखी एका विकराला अडवतात आणि तीही लिथियमची पातळी वाढवतात, थायझाइड गटातील लघवीच्या गोळ्या निराळ्या वाटेने तेच करतात. निरनिराळ्या डॉक्टरांनी सद्हेतूने दिलेल्या तीन गोळ्या शेवटी एकाच मूत्रपिंडात एकमेकींसमोर येतात. त्या मेडिकलमध्ये भावाला “दुसरे काही औषध चालू आहे का?” असे कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंतच्या इतक्या वर्षांत त्याच्या उपचारकर्त्यांपैकीही कोणी त्याला वेदनाशामकांची नावे लिहून दिली नव्हती. मी स्वतः विकरे शिकवीत होते, तरी त्याच्या खिशात कोणती गोळी आहे हे मी पाहिले नाही, ही खंत मला अजून आहे.

रक्ततपासणीविषयीही थोडे लिहिते. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचे असते. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेले तर आकडा फसवा येतो. एकदा भावाचा अहवाल २.६ असा आला, तेव्हा तो समोर बसून पोहे खात होता आणि वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवीत होता. मी चौकशी केली तेव्हा कळले की रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतले होते. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत जे हेपॅरिन असते, ते बहुधा लिथियमचाच क्षार असतो! लाल झाकणाच्या साध्या नळीत पुन्हा रक्त घेतल्यावर पातळी ०.६८ निघाली. तंत्रज्ञ मुलगा नवा होता, त्याला हे कोणी शिकवले नव्हते. प्रात्यक्षिकात प्लॅटिनमची तार लिथियमच्या द्रावणात बुडवून ज्योतीत धरली की ज्योत किरमिजी होते, हे आपल्याकडे कॉलेजातली मुले पाहतात. त्याच ज्योतीचा रंग मोजून १९५० च्या दशकात रुग्णांच्या रक्तातील लिथियम ठरवू लागले आणि त्यानंतरच हे औषध सुरक्षितपणे देता येऊ लागले. सत्तर वर्षे जुनी ही तपासणी आजही कित्येक तालुक्यांच्या ठिकाणी होत नाही. नमुना मिरजेला, सांगलीला किंवा पुण्याला पाठवावा लागतो, अहवालाला दोन दिवस लागतात, आणि गरीब माणूस तपासणीच टाळतो.

दीर्घकाळच्या दुष्परिणामांतही विकरांचा हात आहे. मूत्रपिंडातील ॲडिनिलेट सायक्लेज हे विकर लिथियमने मंदावते, त्यामुळे पाणी राखून ठेवण्याचा मेंदूचा आदेश तिथे नीट पोहोचत नाही. रुग्णाला फार तहान लागते आणि रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागते. अशा रुग्णाला “पाणी कमी पी” असा सल्ला घरची माणसे देतात, तो घातक आहे. थायरॉइडचे काम मंदावू शकते, रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम तपासावे लागते. हे सारे त्रास बहुधा वेळीच ओळखता येतात आणि आवरता येतात. अचानक गोळी सोडल्यावर उलटलेला आजार आवरणे त्याहून पुष्कळ अवघड असते. गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान चार आठवडे आणि शक्य तर तीन महिने घेऊन हळूहळू कमी करावी लागते. आमच्या गल्लीतील त्या गृहस्थांनी त्याच संध्याकाळी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. मुलीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे.

अलीकडे उलट्या बाजूनेही प्रश्न येऊ लागले आहेत. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये लिथियम आणि अल्झायमर यांच्या संबंधाविषयी महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून काही सुशिक्षित मंडळी विस्मरणावर उपाय म्हणून लिथियम ऑरोटेट हा लिथियमचा दुसरा क्षार ऑनलाइन मागवून घेण्याविषयी मला विचारतात. त्या संशोधनातले उपचाराचे प्रयोग उंदरांवरचे आहेत. ज्या विकरांवर हे औषध काम करते ती विकरे निरोगी माणसातही आहेत आणि मूत्रपिंडेही तीच आहेत, एवढे लक्षात घेऊन कोणीही आपल्या मनाने ते घेऊ नये.

लिथियमची गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तिची जाहिरात करण्यात कोणाला फारसा नफा नाही. म्हणून तिच्याविषयी सांगण्याची जबाबदारी शासनावर आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांवर येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आजाराचे स्वरूप, उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. लिथियमच्या पाकिटातील बारीक इंग्रजी कागद जत किंवा आटपाडीच्या रुग्णाला समजेल अशा भाषेत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतून आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून लिथियम सुरू होणाऱ्या रुग्णाला खिशात मावेल असे मराठी कार्ड द्यावे, ही माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. त्यावर शेवटची पातळी व तारीख असावी, टाळायच्या वेदनाशामकांची नावे असावीत, आणि जुलाब, उलट्या, ताप किंवा निर्जळी उपास यांच्या वेळी डॉक्टरांना लगेच फोन करावा, असे ठळक लिहिलेले असावे. औषध विक्रेत्यांनी वेदनाशामक देण्याआधी ते कार्ड मागावे. आणि तालुक्याच्या ठिकाणी निदान आठवड्यातून एक दिवस तरी लिथियमची पातळी तपासून मिळावी. नमुना कोणत्या झाकणाच्या नळीत घ्यायचा, हे तिथल्या तंत्रज्ञाला लेखी दिलेले असावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये आपण उष्माघाताविषयी चौकट छापता. यंदा त्या चौकटीत लिथियम घेणाऱ्यांसाठी दोन ओळी घालाव्यात: उन्हाच्या दिवसांत पाणी व मीठ नेहमीइतके ठेवावे, आणि हात थरथरू लागले किंवा तोल जाऊ लागला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारून पातळी तपासावी. मजकूर तयार करून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, मिरज